जावा आज्ञावलीतून एक्सएमएल दस्तऐवज तयार करताना सीडाटा विभागांचे नियंत्रण

बीजसंज्ञा : एक्सएमएल, सीडाटा विभाग, जावा, सिरीयलायझर, वर्णसंकेतन

प्रस्तावना :

भिन्न संगणकप्रणालींमध्ये माहितीची देवाणघेवाण करावयाची झाल्यास त्या माहितीला उभय प्रणालींना समजेल असे एक ठरीव रूप द्यावे लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेली एक्सएमएल ही भाषा अशा रूपांपैकी एक होय. पुढे जेसॉनसारखी सुटसुटीत रूपे प्रचारात आली, तरी ग्रंथालयीन नोंदी, शब्दप्रक्रियेच्या फाइली आणि प्रश्नपेढ्या यांसारख्या क्षेत्रांत एक्सएमएलचे स्थान टिकून आहे. अध्यापकवर्गाला जवळचे उदाहरण म्हणजे मूडल ही अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली. तीत प्रश्नपेढी आयात करण्यासाठी एक्सएमएल रूपाची सोय आहे. शे-दोनशे प्रश्न एकेक करून पडद्यावर भरण्यापेक्षा ते विदागारातून उचलून एखाद्या लहान जावा आज्ञावलीने फाइल तयार करणे निश्चितच सोयीचे ठरते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणूनही असे काम देता येते.

असे प्रकल्प तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. विद्यार्थी 'सीडाटा' या विभागाकडे एक प्रकारचे संरक्षक कवच म्हणून पाहतात. मजकूर कसाही असो, त्याला सीडाटाचे वेष्टन घातले की काम झाले, अशी त्यांची समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सीडाटा विभाग हा माहितीचा भाग नसून केवळ लेखनपद्धतीचा भाग आहे. म्हणून तो कोठे घालावयाचा याचा निर्णय मजकूर गोळा करणाऱ्या आज्ञांमध्ये न घेता दस्तऐवज लिहून काढणाऱ्या घटकाकडे, म्हणजे सिरीयलायझरकडे, सोपविला पाहिजे. आज्ञा व वर्ग यांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

सीडाटा विभागाचे स्वरूप :

एक्सएमएलच्या मजकुरात '<' आणि '&' या दोन वर्णांना विशेष अर्थ आहे. पहिल्याने खुणेचा आरंभ होतो व दुसऱ्याने संदर्भाचा. हे वर्ण मजकूर म्हणून हवे असतील तर त्यांच्या जागी अनुक्रमे '&एलटी;' व '&एएमपी;' असे पर्यायी संकेत लिहावे लागतात. मूडलमधील प्रश्नाचा मजकूर बहुधा एचटीएमएलमध्ये असतो. त्यात खुणा पुष्कळ, आणि प्रत्येक खुणेसाठी पर्यायी संकेत लिहिल्यास तो मजकूर डोळ्यांनी वाचणे जवळजवळ अशक्य होते. यावरचा उपाय म्हणजे सीडाटा विभाग. '<![सीडाटा[' या आरंभखुणेपासून ']]>' या शेवटच्या खुणेपर्यंत जे काही येईल ते विश्लेषकाने निव्वळ वर्ण म्हणून घ्यावे, त्यात खुणा वा संदर्भ शोधू नयेत, असा हा नियम आहे.

ही सोय एक्सएमएलची स्वतःची नव्हे. १९८६ साली आयएसओ ८८७९ या क्रमांकाने प्रमाणित झालेल्या एसजीएमएल भाषेतील 'चिन्हांकित विभाग' या योजनेतून ती आली आहे. त्या योजनेत विभागांचे अनेक प्रकार होते. एक्सएमएलने दस्तऐवजाच्या मुख्य मजकुरासाठी त्यांतील सीडाटा एवढा एकच ठेवला. दस्तऐवजाच्या व्याख्येत गुणधर्माचा प्रकार सांगतानाही 'सीडाटा' हाच शब्द येतो, परंतु तेथे त्याचा अर्थ वेगळा आहे. गुणधर्माच्या मूल्यात सीडाटा विभाग लिहिताच येत नाही. नावाच्या या साम्यामुळे वर्गात बराच गोंधळ होतो, हे नमूद करणे अवश्य वाटते.

सीडाटा विभाग आणि पर्यायी संकेत यांतून वाचणाऱ्या प्रणालीला मिळणारा मजकूर सारखाच असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सएमएल माहितीसंचाच्या शिफारशीत, माहितीसंचात समाविष्ट नसलेल्या गोष्टींमध्ये सीडाटा विभागांच्या सीमांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षीच्या प्रमाणरूप एक्सएमएलच्या शिफारशीनुसार दस्तऐवज प्रमाणरूपात आणताना सीडाटा विभागाच्या जागी त्यातील मजकूर ठेवला जातो. एक्सपाथच्या प्रतिमानातही सीडाटा नावाचा वेगळा नोड नाही. म्हणून 'आम्हांला सीडाटाच हवा, पर्यायी संकेत चालणार नाहीत' अशी अट घालणारी प्रणाली वस्तुतः एक्सएमएलचे योग्य विश्लेषण करीत नाही, असे समजण्यास हरकत नाही. व्यवहारात मात्र अशा प्रणाली भेटतात, आणि त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. नियंत्रणाची गरज निर्माण होते ती येथे.

अक्षरमालेत जोडलेला सीडाटा :

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत म्हणजे अक्षरमालांची बेरीज. आरंभखूण, मजकूर व शेवटची खूण एकापुढे एक जोडली की विभाग तयार. दहापैकी नऊ प्रश्नांना ही पद्धत पुरते. दहावा प्रश्न समजा जावा भाषेतील सरण्यांवर आहे आणि त्यात 'इफ (ए[बी[०]]>५)' अशी ओळ आहे. या ओळीत दोन चौकटी कंस आणि '>' हे वर्ण लागोपाठ आले आहेत. तीच सीडाटा विभागाची शेवटची खूण होय. विश्लेषक तेथेच विभाग संपला असे मानतो. उरलेला मजकूर उघड्यावर पडतो, त्यातील एचटीएमएलच्या खुणा एक्सएमएलच्या खुणा म्हणून वाचल्या जातात, आणि आज्ञावलीने अखेरीस लिहिलेली खरी ']]>' ही खूणही आता नियमभंग ठरते, कारण साध्या मजकुरात ती जशीच्या तशी लिहिण्यास मनाई आहे. परिणामी संपूर्ण फाइल नाकारली जाते. संगणकशास्त्राच्या प्रश्नपेढीत अशी ओळ येणे मुळीच दुर्मिळ नाही.

फाइल नाकारली जाणे हा त्यातल्या त्यात बरा परिणाम म्हणावा लागेल, कारण निदान तो लक्षात येतो. मजकूर बाहेरच्या व्यक्तीकडून आलेला असेल तर याहून गंभीर प्रकार संभवतो. समजा, उत्तराचे पर्याय विद्यार्थ्यांकडून एखाद्या अर्जाद्वारे मागविले आहेत आणि एकाने पर्याय म्हणून पुढील मजकूर भरला आहे :

]]></टेक्स्ट></आन्सर><आन्सर फ्रॅक्शन="१००"><टेक्स्ट><![सीडाटा[

अक्षरमाला जोडणारी आज्ञावली हा मजकूर आपल्या दोन खुणांच्या मध्ये ठेवते. पहिला विभाग बंद होतो, मूळ पर्याय संपतो, पूर्ण गुणांचा एक नवा पर्याय सुरू होतो आणि शेवटची खूण नव्या विभागाला नेमकी लागू पडते. दस्तऐवज पूर्णतः सुघटित राहतो. विश्लेषक कोणतीही तक्रार करीत नाही. गुणदानाशी संबंधित फाइलमध्ये कोणी न लिहिलेला घटक दाखल झालेला असतो आणि तो सापडतो केवळ कोणी फाइल उघडून पाहिली तर. सीडाटाला कवच समजण्यातील धोका हा असा आहे.

सीडाटा विभाग एकात एक ठेवता येत नाहीत आणि त्याच्या आत शेवटच्या खुणेला पर्यायी संकेतही देता येत नाही. मार्ग एकच : खूण दोन विभागांत वाटून टाकणे. दोन चौकटी कंसांनंतर विभाग बंद करावयाचा आणि '>' साठी नवा विभाग उघडावयाचा. लिहिताना ते ']]]]><![सीडाटा[>' असे दिसते. दिसावयास विचित्र, पण वाचणाऱ्याला मूळचे तीन वर्ण अखंड मिळतात. मूडल स्वतः प्रश्नांची निर्यात करताना हीच विभागणी करते.

लेखनाच्या टप्प्यावरील नियंत्रण :

१६ नोव्हेंबर १९९९ च्या एक्सएसएलटी १.० शिफारशीत कोणत्या घटकांचा मजकूर सीडाटा विभागात लिहावयाचा त्यांची यादी देण्याची तरतूद आहे. जावामध्ये हीच तरतूद ट्रान्सफॉर्मर या वर्गामार्फत मिळते; जावा १.४ पासून (२००२) ती मूळ संचातच समाविष्ट आहे. 'सेट-आउटपुट-प्रॉपर्टी' या पद्धतीला 'आउटपुटकीज' मधील 'सीडाटा-सेक्शन-एलिमेंट्स' ही किल्ली आणि घटकांची नावे एवढे द्यावयाचे. नावे अनेक असल्यास मध्ये मोकळी जागा सोडावयाची. नावांचा अवकाश असल्यास त्याचा पत्ता महिरपी कंसात देऊन लगेच स्थानिक नाव लिहावयाचे. मजकूर साध्या नोडमध्ये जसा आहे तसा ठेवला की शेवटची खूण मध्ये आल्यास तिची विभागणी करणे ही सिरीयलायझरची जबाबदारी ठरते, कारण शिफारशीतच तसे सांगितलेले आहे. वर दिलेला फसवा पर्यायही या मार्गाने गेल्यास निव्वळ मजकूर म्हणूनच पोहोचतो.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. यादीतील घटकाच्या थेट पोटी असलेल्या मजकुरालाच ती लागू होते, नातवंड घटकांना नाही. शिवाय निवड घटकाच्या नावावरून होते, स्थानावरून नव्हे. मूडलच्या रूपात प्रश्नाचे शीर्षक, प्रश्न व पर्याय या सर्वांचा मजकूर 'टेक्स्ट' नावाच्या घटकातच असतो. त्यामुळे ते नाव यादीत दिले की शीर्षकालाही सीडाटा लागतो. त्याने बिघडत काहीच नाही, फाइल थोडी बोजड दिसते इतकेच. ज्यांना एकाच नावाच्या दोन घटकांत भेद करावयाचा आहे त्यांना मात्र अन्य मार्ग घ्यावा लागेल.

तो मार्ग म्हणजे डीओएम. दस्तऐवजाचे झाड स्मृतीत उभारताना 'क्रिएट-टेक्स्ट-नोड' ऐवजी 'क्रिएट-सीडाटा-सेक्शन' वापरावे. हे झाड कोणत्याही एक्सएसएलटी पत्रकाविना, तसेच्या तसे, ट्रान्सफॉर्मरमधून लिहून काढल्यास सीडाटा नोड टिकतात. मध्ये पत्रक आले की ते नाहीसे होतात, कारण एक्सपाथच्या प्रतिमानाला ते ठाऊकच नसतात. त्या वेळी पत्रकातच घटकांची यादी द्यावी लागते. २००४ सालच्या डीओएम तिसऱ्या स्तराच्या शिफारशीतील 'एलएस-सिरीयलायझर' मध्ये अधिक बारीक नियंत्रण आहे. 'सीडाटा-सेक्शन्स' हे प्राचल खोटे ठेवल्यास सर्व सीडाटा नोड साध्या मजकुराप्रमाणे लिहिले जातात, आणि 'स्प्लिट-सीडाटा-सेक्शन्स' हे खरे असल्यास शेवटच्या खुणेची विभागणी होते. दुसरे प्राचल मुळातच खरे असते. ते खोटे करण्याचे सबळ कारण निदान प्रस्तुत लेखकास तरी दिसलेले नाही.

दस्तऐवज फार मोठा असेल तर झाड उभारणे परवडत नाही. अशा वेळी जावा ६ पासून (२००६) उपलब्ध असलेला स्टॅक्स हा प्रवाही लेखनाचा मार्ग वापरला जातो. त्यात 'राइट-कॅरेक्टर्स' व 'राइट-सीडाटा' अशा दोन पद्धती आहेत, आणि त्यांतील फरक नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिलीने विशेष वर्णांचे पर्यायी संकेत लिहिलेच पाहिजेत, असे बंधन आहे. सुघटिततेची तपासणी मात्र हा लेखक-घटक करीत नाही, असे त्याच्या अधिकृत वर्णनातच म्हटले आहे. म्हणजे 'राइट-सीडाटा' ला दिलेल्या मजकुरात शेवटची खूण असल्यास ती हुडकून विभागण्याची हमी नाही. ते काम आज्ञावलीकाराचे. यासाठी एक छोटी साहाय्यक पद्धत लिहावी आणि संपूर्ण प्रकल्पात 'राइट-सीडाटा' ला थेट बोलावणे वर्ज्य करावे, हे उत्तम. सॅक्सच्या मार्गाने मजकूर तुकड्यातुकड्यांनी लिहिताना आणखी एक बाब संभाळावी लागते : एका तुकड्याच्या अखेरीस दोन चौकटी कंस आणि पुढच्याच्या आरंभी '>' असे होऊ शकते, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासल्यास ही जोडी निसटते.

जॅक्सबी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. जावा वस्तूंपासून परस्पर एक्सएमएल तयार करणारी ही व्यवस्था जावा ११ मध्ये (२०१८) मूळ संचातून वगळण्यात आली आणि आता जकार्ता नावाखाली स्वतंत्रपणे मिळते. तिच्या प्रमाणित टिपणांत सीडाटासाठी एकही टीप नाही. एक्लिप्सलिंकच्या मॉक्सी या अंमलबजावणीत अशी टीप आहे, पण ती त्या अंमलबजावणीपुरतीच. म्हणून पुष्कळजण मूल्यातच आरंभखूण जोडतात; व्यवस्था तिच्यातील '<' चा पर्यायी संकेत लिहिते, आणि दस्तऐवजात '&एलटी;![सीडाटा[' असा निरुपयोगी मजकूर उमटतो. मग त्यावर तोडगा म्हणून पर्यायी संकेत लिहिण्याची यंत्रणाच बंद केली जाते. येथे मूळ दुखण्यापेक्षा औषध घातक ठरते : ज्या घटकांना सीडाटा लावलेला नाही त्यांतील '&' आता उघडे राहतात, आणि एखाद्या विभागाच्या नावातील साध्या '&' ने सबंध फाइल अवैध होते.

वस्तुतः जॅक्सबीला हात लावण्याची गरजच नाही. तिचे फलित थेट फाइलमध्ये न लिहिता 'ट्रान्सफॉर्मर-हँडलर' कडे पाठवावे, त्या हँडलरच्या ट्रान्सफॉर्मरवर घटकांची यादी आधी नोंदवावी आणि मग त्याला फाइलचा पत्ता द्यावा. 'जॅक्सबी-सोर्स' हा स्रोत घेऊन साध्या ट्रान्सफॉर्मरने लिहिले तरी तेच साधते. मूल्ये शुद्ध राहतात. वेष्टनाचा निर्णय एका ओळीत, एका ठिकाणी होतो आणि उद्या बदलावा लागला तर तेवढीच ओळ बदलावी लागते.

देवनागरी मजकूर व वर्णसंकेतन :

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. साध्या मजकुरात एखादा वर्ण फाइलच्या वर्णसंकेतनात बसत नसेल तर त्याच्या क्रमांकाचा संदर्भ लिहिता येतो; उदाहरणार्थ 'अ' साठी '&#२३०९;' (प्रत्यक्षात हे अंक रोमन लिपीतील असावे लागतात). सीडाटा विभागात संदर्भ ओळखलेच जात नाहीत, म्हणून ही वाट बंद होते. समजा फाइलचे संकेतन आयएसओ ८८५९-१ ठेवले आहे आणि मराठी प्रश्न सीडाटात आहे. शिफारशीप्रमाणे चालणारा सिरीयलायझर प्रत्येक अक्षरापूर्वी विभाग बंद करील, क्रमांक लिहील व पुढील मजकुरासाठी पुन्हा विभाग उघडील. फाइल वैध राहील, पण ज्या वाचनसुलभतेसाठी सीडाटा घेतला ती उरणार नाही. अक्षरमाला जोडून लिहिणाऱ्या आज्ञावलीला मात्र हे काहीच कळत नाही. जावाचा लेखनप्रवाह न बसणाऱ्या वर्णाच्या जागी बदली वर्ण, बहुधा प्रश्नचिन्ह, लिहून मोकळा होतो. संपूर्ण मराठी प्रश्न प्रश्नचिन्हांची रांग बनतो आणि तो परत मिळविण्याचा कोणताही उपाय नसतो.

म्हणून यूटीएफ-८ हेच संकेतन ठेवावे, आणि ते केवळ दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत जाहीर करून न थांबता फाइल उघडतानाही स्पष्टपणे सांगावे. जावा १८ पासून (२०२२) यूटीएफ-८ हे मूळचे गृहीत संकेतन झाले आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते यंत्रावर अवलंबून असे, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांमधून जुन्या आवृत्त्या सहजासहजी जात नाहीत.

जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराची गंमत निराळी. कृतिदेव टंकात 'ढ' हे अक्षर '<' च्या जागी बसविलेले आहे. पडद्यावर 'ढ' दिसत असला तरी फाइलमध्ये खुणेचा आरंभवर्णच असतो. असा मजकूर सीडाटात गुंडाळून पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण त्यातून मराठी कधीच मिळत नाही. त्याचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करणे हेच योग्य.

सीडाटात 'काहीही' चालते ही समजूतही याच ओघात तपासावी. एक्सएमएल १.० मध्ये निषिद्ध असलेले नियंत्रक वर्ण सीडाटातही निषिद्धच राहतात. शब्दप्रक्रियेच्या फाइलीतून चिकटविलेल्या मजकुरात ओळ मोडणारा अकरा क्रमांकाचा नियंत्रक वर्ण लपून येऊ शकतो, आणि त्या एका अदृश्य वर्णाने आयात थांबते. असे वर्ण लेखनापूर्वीच गाळले पाहिजेत. चित्रासारखी द्विमान माहिती तर सीडाटात ठेवताच येत नाही. तिला बेस-६४ रूपच द्यावे लागते.

मोकळ्या जागा आणि पडताळणी :

दस्तऐवज नीटनेटका दिसावा म्हणून ओळी आत सरकवून लिहिण्याची सोय अनेकजण सुरू ठेवतात. जावा ९ मध्ये (२०१७) या सोयीची अंमलबजावणी बदलली, तेव्हा सीडाटा विभागाच्या आधी व नंतर नवी ओळ आणि मोकळ्या जागा पडू लागल्या. ही चूक जावा १४ मध्ये दुरुस्त झाली. पण तोवर आवृत्ती बदलताच घटकाचे मूल्य बदलल्याचे आढळत असे, कारण सीडाटाच्या बाहेरची मोकळी जागाही त्याच घटकाच्या मजकुरात गणली जाते. लघुत्तरी प्रश्नाचे अपेक्षित उत्तर शब्दशः ताडून पाहिले जात असेल तर अशी एक नवी ओळही पुरेशी असते. यंत्राने वाचावयाच्या फाइलीत ही सोय बंद ठेवणे श्रेयस्कर.

फाइल तयार झाल्यावर ती जावाच्याच विश्लेषकाने परत वाचावी आणि प्रत्येक घटकाचा मजकूर मूळ मूल्याशी ताडून पाहावा. वाचताना 'सेट-कोअलेसिंग' खरे ठेवल्यास सीडाटा व शेजारचा मजकूर एकत्र होतो आणि तुलना सोपी जाते. ओळ संपविणाऱ्या दोन वर्णांच्या जोडीचा विश्लेषक एकच वर्ण करतो, हा बदल सीडाटातही होतो. तुलनेपूर्वी मूळ मजकुरात तो करून घ्यावा. चाचणीच्या मूल्यांत चार गोष्टी असाव्यात : शेवटची खूण मध्ये असलेली सरणीची ओळ, तीच खूण दोनदा लागोपाठ, केवळ ']]' ने संपणारा मजकूर, आणि जोडाक्षरे असलेले एक मराठी वाक्य. यांपैकी तिसरे मूल्य पुष्कळदा वगळले जाते. त्यात मजकुराचे दोन कंस आणि विभागाच्या शेवटच्या खुणेचे दोन कंस शेजारी येतात. दस्तऐवज वैधच असतो, पण शेवटची खूण हाताने शोधणारे घरगुती वाचक-घटक नेमके तेथे अडखळतात.